संघ कोणाचा?

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातील एक संध्याकाळ. नागपूरचा उन्हाळा वाचकांना सांगावयास नको. सहा वाजेपर्यंत आमच्या चर्चच्या मागील पटांगणावर पाय ठेववत नाही. ऊन उतरले की धर्मग्रामातील अठरा-वीस मुले तेथे सॉफ्टबॉल खेळावयास जमतात. त्यांच्याजवळ सात ग्लोव्हज आहेत आणि दोन स्लगर. डाव बदलला की क्षेत्ररक्षण करणारी मुले हातातील ग्लोव्हज काढून तेथेच जमिनीवर ठेवतात आणि दुसऱ्या बाजूची मुले ते उचलून आपल्या हातात चढवितात. इतकी ओढाताण होऊनही आजवर त्यांतील एकही हरवलेला नाही.

त्या संध्याकाळी मी पायरीवर बसून खेळ पाहत होतो. तेरा वर्षांचा एक मुलगा पाणी प्यावयास आला आणि ओल्या तोंडानेच त्याने विचारले, "फादर, सॉफ्टबॉल खेळून पगार भेटते का जी?"

प्रश्न साधा होता. मी काही बोलण्यापूर्वी माझी नजर मुलांना शिकविणाऱ्या युवकाकडे गेली. त्याने प्रश्न ऐकला होता. तो माझ्याकडे क्षणभर पाहत राहिला, मग वळून त्याने चेंडू पिचरकडे फेकला. त्या मुलाला मी "उद्या सांगतो" एवढेच म्हणालो. त्या युवकाच्या देखत मला उत्तर देववेना. त्याचे कारण पुढे येईलच.

आपल्या देशात सॉफ्टबॉलचा पगार नाही. शाळेतील खेळाडू राज्य पातळीपर्यंत पोहोचला तर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. रेल्वेत आणि पोलीस दलातही खेळाडूंची भरती होते. गरीब घरातील मुलाच्या दृष्टीने हे थोडे नव्हे. परंतु ही नोकरी खेळल्यामुळे मिळते, खेळण्यासाठी मिळत नाही. मुलाला विचारावयाचे होते ते निराळे. महिन्याच्या पगारावर सॉफ्टबॉल खेळणारा पुरुषांचा संघ जगात कोठे होता काय, याचा मी शोध घेतला आणि उत्तर 'होय' असे मिळाले.

सॉफ्टबॉलचा जन्म अमेरिकेतील शिकागो शहरात १८८७ च्या नोव्हेंबर महिन्यात झाला. एका क्लबच्या बंद सभागृहात जमलेल्या तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला आणि काठीने तो टोलविण्यास प्रारंभ केला. जॉर्ज हॅनकॉक या गृहस्थांनी त्याच करमणुकीला नियम दिले. पुढे नव्वद वर्षांनी, १९७७ मध्ये, त्याच देशात पुरुषांची व्यावसायिक सॉफ्टबॉल लीग निघाली. आपली शाळकरी मुले खेळतात तो वेगवान चेंडूचा प्रकार. तेथे खेळला गेला तो 'स्लो-पिच', म्हणजे चेंडू खालून उंच कमान करून टाकावयाचा आणि फलंदाजाने तो दूर भिरकावून द्यावयाचा. पहिल्या वर्षी बारा शहरांचे संघ उतरले. बहुतेक खेळाडू दिवसा दुसरे काम करीत आणि सायंकाळी व सुटीच्या दिवशी गणवेश चढवीत.

त्यांत डेट्रॉइट शहराचा 'सीझर्स' नावाचा संघ होता. त्याचे मालक माइक इलिच यांचा 'लिटल सीझर्स' या नावाने पिझ्झाच्या दुकानांचा व्यवसाय होता आणि संघाचे नावही तेथूनच आले होते. बेसबॉलमधील निवृत्त नामांकित खेळाडू नॉर्म कॅश आणि जिम नॉर्थरप यांना त्यांनी संघात घेतले. १९७७ आणि १९७८ अशी लागोपाठ दोन वर्षे हा संघ अजिंक्य ठरला. आणि १९७९ च्या हंगामानंतर तो बंद झाला! ज्या संघाने दोन वेळा विजेतेपद आणले तो तीन वर्षेही पुरती जगला नाही. इलिच यांनी पुढे १९८२ मध्ये त्याच शहराचा आइस हॉकीचा आणि १९९२ मध्ये बेसबॉलचा संघ विकत घेतला.

क्लीव्हलँड शहराची कथा तर विनोदी आणि दुःखद अशी दोन्ही आहे. तेथील संघाचे मालक टेड स्टेपियन यांनी प्रसिद्धीसाठी १९८० च्या जून महिन्यात शहरातील बावन्न मजली टर्मिनल टॉवरवरून खाली चेंडू टाकले. आपल्या खेळाडूंनी ते झेलावेत, अशी त्यांची कल्पना. एक चेंडू एका खेळाडूने झेललाही. परंतु एक चेंडू मोटारीवर आदळला, एका बाईचे मनगट मोडले, आणखी एका माणसाला मार बसला. त्याच वर्षी स्टेपियन यांनी मूळ लीगमधून फुटून स्वतःची दुसरी लीग उभी केली होती. दोन्ही पुन्हा एकत्र आल्या, पण १९८२ च्या हंगामानंतर सारेच आटोपले. पुरुषांच्या व्यावसायिक सॉफ्टबॉलचे आयुष्य अवघे सहा हंगामांचे ठरले.

वाचकांना वाटेल, अमेरिकेतील या जुन्या गोष्टीशी आपले काय नाते? मलाही प्रथम तसेच वाटले. मग आपल्याच नागपूरचा २०१० सालचा एप्रिल महिना आठवला. तेलंगणाच्या आंदोलनामुळे हैदराबादच्या डेक्कन चार्जर्स या संघाला स्वतःच्या शहरात आयपीएलचे सामने खेळता येईनात. त्यांतील तीन सामने आपल्या जामठ्याच्या मैदानावर झाले. ॲडम गिलख्रिस्टच्या नेतृत्वाखाली चार्जर्सनी त्यांतील दोन जिंकले. त्या आठवड्यात सदरमधील चहाच्या टपरीपासून आमच्या चर्चच्या फाटकापर्यंत प्रत्येक जण 'आपला संघ' असाच शब्द वापरीत होता. मिस्सानंतर माझ्याशीही लोक चार्जर्सविषयी बोलत. परंतु तो संघ आपला नव्हता, आपल्याकडे मुक्कामाला आलेला होता. पुढे २०१२ मध्ये तो संघच स्पर्धेतून रद्द झाला. नागपुरात कोणी हळहळल्याचे मला आठवत नाही.

नागपूरला पाहुणा संघ तरी लाभला. पुण्याला स्वतःचे संघ लाभले आणि ते एकामागून एक गेले. माझे सेमिनरीचे शिक्षण पुण्यात, नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरीत झाले. सायंकाळचा फुटबॉल हा आमच्या दिनचर्येचा भाग होता. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीचे भव्य क्रीडासंकुल उभे राहिले तेव्हा आम्ही काही विद्यार्थी ते पाहावयास गेलो होतो. त्या हिरव्यागार मैदानाकडे पाहताना, येथे पुण्याचा स्वतःचा संघ केव्हा खेळेल, असे आमच्यातील एकाने विचारले होते.

तो दिवस आला. २००७ मध्ये अशोक पिरामल उद्योगसमूहाने पुणे फुटबॉल क्लब स्थापन केला. गोव्याचे डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली हा संघ २००९-१० मध्ये देशाच्या सर्वोच्च स्पर्धेत, म्हणजे आय-लीगमध्ये, पहिल्याच वर्षी तिसरा आला. २०१२-१३ मध्ये तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरा ठरला. त्याने लहान मुलांसाठी अकादमी चालविली. सारे काही शिस्तीने आणि नेटाने चालले होते.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफ.सी. पुणे सिटी हा दुसरा संघ आला. त्याच्या मालकांत चित्रपट अभिनेते हृतिक रोशन होते आणि खेळाडूंत फ्रान्सच्या १९९८ च्या विश्वविजेत्या चमूतील डेव्हिड त्रेझेगे. त्याच सुमारास कल्याणी उद्योगसमूहाने भारत एफ.सी. हा तिसरा संघ आय-लीगमध्ये उतरविला. म्हणजे २०१४-१५ च्या हंगामात एकट्या पुण्याचे तीन संघ देशाच्या वरच्या दोन स्पर्धांत खेळत होते. असे भाग्य भारतात फार थोड्या शहरांच्या वाट्याला आले असेल.

त्या हंगामात घडलेली एक गोष्ट या सर्व व्यवहाराचे मर्म सांगते. भारत एफ.सी. तक्त्यात अगदी तळाला राहिला. परंतु थेट प्रवेश घेतलेल्या संघाला पहिल्या वर्षी खाली ढकलावयाचे नाही, असा नियम होता. त्यामुळे त्याच्या वर असलेला, पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा डेंपो संघ खालच्या श्रेणीत गेला. आणि ज्याची जागा नियमाने राखली होती त्या भारत एफ.सी.ने दुसऱ्या वर्षी खेळलेच नाही. एका हंगामात त्याचा प्रारंभ आणि शेवट दोन्ही झाले. २०१५ मध्येच पुणे एफ.सी.ही बंद झाला. त्यांची जागा डी.एस.के. शिवाजीयन्सने घेतली. १९८७ पासूनच्या एका स्थानिक क्लबला उद्योगसमूहाचे पाठबळ मिळून तो आय-लीगपर्यंत आला होता. दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये तोही बाहेर पडला. एफ.सी. पुणे सिटी २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. २०१९ मध्ये तो बंद होऊन त्याची जागा हैदराबादच्या संघाला देण्यात आली. बारा वर्षांत चार संघ आले आणि बाराव्या वर्षाच्या अखेरीस त्यांतील एकही उरला नाही.

क्रिकेटची गतही निराळी नव्हती. २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर बोली लावून घेतलेला पुणे वॉरियर्स संघ २०११ ते २०१३ असे तीनच हंगाम खेळला. त्यानंतरचा पुण्याचा सुपरजायंट संघ तर मुळातच दोन वर्षांपुरता जन्मला होता. २०१७ चा अंतिम सामना तो एका धावेने हरला आणि इतिहासजमा झाला. हॉकीतील पुणे स्ट्रायकर्स २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत अंतिम फेरीपर्यंत गेला. ती स्पर्धाच पुन्हा झाली नाही.

या सर्वांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु मालकांची बाजूही समजून घ्यावयास हवी. खेळाडूंचे वेतन, प्रवास, मैदानाचे भाडे, स्पर्धेचे शुल्क हा सर्व खर्च दरवर्षी होतोच. तिकिटांतून येणारे उत्पन्न त्यापुढे किरकोळ. तूट मालकाच्या मूळ धंद्यातून भरावी लागते. तो धंदा बरकतीत असेतोवर संघ हौस म्हणून पोसला जातो; धंद्याला ओहोटी लागली की घरातील कर्ता माणूस जसा प्रथम वर्तमानपत्र बंद करतो, तसा संघ प्रथम बंद होतो. यात लबाडी असतेच असे नाही. ज्याने खर्च केला त्याचा संघ. त्याला तो बंद करण्याचाही अधिकार. प्रेक्षक टाळ्या वाजवितात, परंतु निर्णयाच्या वेळी त्यांना कोणी बोलावीत नाही.

आता त्या युवकाची गोष्ट सांगतो. तो पटांगणापलीकडील रेल्वे वसाहतीत वाढला. उत्तम गोलरक्षक. अकरावीत असताना दूरच्या एका शहरातील व्यावसायिक संघाच्या कनिष्ठ पथकात त्याची निवड झाली. त्या शहराचे आणि संघाचे नाव मी येथे सांगत नाही. वडील कचरत होते. शिक्षण अर्धवट राहील, पोरगा परक्या गावी एकटा पडेल, असे त्यांना वाटे. सल्ला विचारावयास ते माझ्याकडे आले. मी म्हणालो, "अशी संधी आपल्या मुलांना रोज येत नाही, जाऊ द्या त्याला." त्याच्या शिफारसपत्रावर माझी सही आहे.

तीन वर्षांनी एका सकाळी त्या मुलांना मोबाइलवर चार ओळींचा निरोप आला. संघ विसर्जित करण्यात आला आहे. वसतिगृहातील खोल्या महिनाअखेर रिकाम्या कराव्यात. तो दोन पिशव्या घेऊन नागपूर स्थानकावर उतरला तेव्हा त्याच्या अंगात त्या संघाचाच ट्रॅकसूट होता; दुसरे चांगले कपडे त्याच्याजवळ नव्हते. मी भेटावयास गेलो. तो आतल्या खोलीत होता. वडिलांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि खाली पाहत एवढेच म्हणाले, "फादर, तुम्ही म्हनलं म्हणून धाडलं होतं पोराला."

मजजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. मी त्या माणसाला संधीविषयी सांगितले होते. संघ कोणाच्या जिवावर उभा आहे आणि त्याने हात काढून घेतला तर मुलांचे काय, हे मी विचारलेच नव्हते. खेळाडूची गुणवत्ता मी पाहिली. मालकाची मर्जी हाही त्या खेळातला एक खेळाडू असतो, हे मला ठाऊक नव्हते.

युवकाने पुढे राहिलेले शिक्षण पूर्ण केले, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. आज तो एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवितो आणि सायंकाळी आमच्या मुलांना सॉफ्टबॉल. त्यानेच मला एकदा सहज विचारले, "फादर, सामान तुमच्या ऑफिसच्या कपाटात असतं. पुढच्या वर्षी तुमची बदली झाली की मग?"

मी हसून वेळ मारून नेली, परंतु त्या रात्री झोप आली नाही. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात मी रुजू झालो तेव्हा तेथे पूर्वीच्या फादरांनी सुरू केलेला व्हॉलीबॉलचा संघ होता. मला त्या खेळात रस नव्हता. लग्नसमारंभांच्या वाहनांसाठी जागा हवी होती. मी खांब काढून टाकले. कोणी विरोध केला नाही. विरोध करावयाचा असतो हेच त्या मुलांना माहीत नव्हते. संघ फादरांचा होता, एका फादरांनी दिला, दुसऱ्यांनी नेला. पुण्याच्या उद्योगपतींना नावे ठेवण्याचा मला काय अधिकार? त्यांच्या मानाने माझा खर्च थोडा, एवढाच फरक.

धर्मगुरूची बदली झाल्यावरही टिकलेला संघ असतो काय? असतो. ज्या महिन्यात शिकागोला सॉफ्टबॉल जन्मला त्याच महिन्यात, नोव्हेंबर १८८७ मध्ये, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात सेंट मेरी चर्चच्या सभागृहात काही आयरिश गृहस्थ जमले होते. त्यांना बोलावले होते मॅरिस्ट संघाच्या ब्रदर वॉलफ्रिड यांनी. वस्तीतील गरीब मुलांना जेवण मिळावे म्हणून पैसा उभा करावा, त्यासाठी फुटबॉलचा संघ काढावा, असा बेत होता. त्यातून सेल्टिक क्लब निघाला. १८९२ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड यांची लंडनला बदली झाली. क्लब बंद पडला नाही. १८९७ मध्ये त्याची कंपनी झाली आणि संस्थापकाचा मूळ हेतू मागे पडला, हेही खरे. परंतु संघ तोवर वस्तीचा होऊन गेला होता आणि तो आजही खेळतो आहे.

इतके लांब तरी कशाला जावे? कामठीचा रब्बानी क्लब घ्या. त्याच्या मागे चित्रपट अभिनेते नाहीत की उद्योगसमूह नाही, वस्ती आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहून नागपुरात जो झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला, तो पुढे देशभर पसरला. २०२२ मध्ये 'झुंड' या चित्रपटामुळे तो घराघरांत माहीत झाला. यांतून कोणाला मोठा पगार मिळाला असे नाही. परंतु एका सकाळी चार ओळींचा निरोप पाठवून ते कोणाला बंदही करता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी त्या तेरा वर्षांच्या मुलाला खरे ते सांगितले. सॉफ्टबॉलला आपल्याकडे पगार नाही. अमेरिकेत होता, तो सहा हंगामांत संपला. खेळून प्रमाणपत्र मिळेल, त्यातून नोकरीचा मार्ग कदाचित निघेल, पण अभ्यास सोडावयाचा नाही. युवक शेजारी उभा राहून ऐकत होता. मुलाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग बॅटिंग कोनाची आहे आता?"

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पालकांना बोलावले. घरटी महिना वीस रुपये वर्गणी ठरली. हिशेबाची वही युवकाच्या वडिलांकडे दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, बोलले मात्र काही नाहीत. सामानाचे कपाट माझ्या ऑफिसातून हलवून पटांगणासमोर राहणाऱ्या एका विधवा भगिनीच्या ओसरीवर नेले. किल्ली त्यांच्याकडे असते. मला ग्लोव्हज पाहावयाचे असतील तर आता त्यांच्या दाराशी जावे लागते.

या जानेवारीत आंतर-धर्मग्राम सामन्यांसाठी मुले नवे गणवेश घालून आली. मी संघाला निळा रंग आणि एका संतांचे नाव दिले होते. गणवेश नारिंगी होता आणि छातीवर वस्तीचे नाव. मला कोणी विचारले नव्हते. खरे सांगावयाचे तर प्रथम मन थोडे खट्टू झाले. मग मी प्रेक्षकांत जागा शोधून बसलो.

जूनमध्ये माझी बदली आहे.